अपस्माराची औषधं: काम कशी करतात आणि त्रास का देतात?

फार्माकॉलॉजीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात अपस्माराच्या औषधांचं एक लांबलचक कोष्टक असतं. डावीकडे औषधाचं नाव, मध्ये 'कार्यपद्धती' आणि उजवीकडे 'दुष्परिणाम'. फेनिटोइन, सोडियम चॅनेल, तोल जाणं आणि हिरड्या वाढणं. व्हिगाबॅट्रिन, गाबा, नजरेचं क्षेत्र आकुंचित होणं. नेट, जीपॅट किंवा विद्यापीठाच्या 'पेट'ची तयारी करताना आपण हे कोष्टक उभं पाठ करतो. एक रकाना संपला की दुसरा.

परीक्षेपुरतं ते चालून जातं. पण तुम्हाला पुढे संशोधन करायचं असेल, तर हेच कोष्टक आडवं वाचायची सवय लावा. म्हणजे प्रत्येक दुष्परिणामाला विचारायचं, 'तू कुठून आलास?' बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एका ठिकाणी सापडतं. एक, औषधाचं जे लक्ष्य आहे तेच शरीरात दुसरीकडेही असतं. दोन, शरीर औषधाची विल्हेवाट ज्या पद्धतीने लावतं तिच्यात घोळ असतो. तीन, औषधाच्या रेणूचा एखाद्या भलत्याच गोष्टीशी संबंध येतो. या लेखात याच तीन वाटांनी जाऊ या.

आधी फिट म्हणजे काय?

मेंदूतल्या चेतापेशी विजेच्या छोट्या स्पंदांनी काम करतात. काही पेशी पुढच्या पेशीला चेतवतात, त्यासाठी मुख्यतः ग्लुटामेट वापरतात. काही पेशी पुढचीला आवरतात, त्या मुख्यतः गाबा वापरतात. हा तोल एरवी सांभाळला जातो. फिट येते तेव्हा पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, एकाच तालात, अति वेगाने स्पंद सोडायला लागतो.

हे का होतं याची कारणं अनेक: जनुकीय बदल, जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूतला संसर्ग. भारतात फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणं हेही एक महत्त्वाचं कारण आहे. गोळी यातलं कुठलंही कारण दूर करत नाही. ती फक्त तो बेफाम वेग आवरते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना फेनिटोइन दिल्यावर पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी झाल्या, पण त्यानंतरच्या काळात फरक पडला नाही. फिट दाबणं वेगळं आणि अपस्मार होऊच न देणं वेगळं. म्हणूनच हल्लीच्या शोधनिबंधांत या औषधांना 'अपस्मारविरोधी' म्हणण्याऐवजी 'झटकेविरोधी' म्हणायची पद्धत रुजते आहे.

पहिली वाट: लक्ष्य तेच, जागा वेगळी

फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ही तिन्ही औषधं चेतापेशीच्या आवरणातल्या सोडियम चॅनेलवर काम करतात. चॅनेल म्हणजे एक दार समजा. ते तीन अवस्थांत असतं: बंद, उघडं, आणि उघडून गेल्यावर काही क्षण अडसर पडलेलं. या तिसऱ्या अवस्थेत कितीही ढकललं तरी दार उघडत नाही. ही औषधं मुख्यतः त्या अडसर पडलेल्या दाराला चिकटतात आणि अडसर निघायला उशीर लावतात.

यातली गंमत लक्षात घ्या. जी पेशी सावकाश स्पंद सोडते, तिची फार थोडी दारं अडसराच्या अवस्थेत असतात. त्यामुळे औषधाला पकडायला फारसं काही मिळत नाही. जी पेशी बेफाम सुटली आहे, तिची दारं सारखी त्याच अवस्थेत सापडतात. म्हणजे पेशी जितकी जास्त धावेल, तितकं औषध तिला जास्त धरतं. म्हणून तर माणूस ही गोळी घेऊन शाळेत जाऊ शकतो, हिशेब करू शकतो, बोलू शकतो.

आता प्रश्न असा: नेहमीच भरभर स्पंद सोडणं हेच ज्यांचं काम आहे, त्या पेशींचं काय? लहान मेंदूतल्या पर्किंजी पेशी काही न करतासुद्धा सेकंदाला कित्येक डझन स्पंद सोडतात. तोल सांभाळणं आणि नजर स्थिर ठेवणं ही कामं लहान मेंदूच्या वर्तुळातली. आता फेनिटोइनचा डोस जास्त झाल्यावर काय दिसतं ते बघा. रक्तपातळीची नेहमीची मर्यादा लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम. साधारण २० च्या वर डोळ्यांची बुबुळं थरथरायला लागतात, ३० च्या वर चाल लडखडते, ४० च्या वर माणूस गुंगीत जातो. प्रत्येक रुग्णात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण क्रम बहुधा हाच. कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिननेही एकाचे दोन दिसणं आणि तोल जाणं आढळतं. रेणू वेगळे, लक्ष्य एक, म्हणून त्रासाची जातही एक.

याच तर्काने अजून एक कोडं सुटतं. ड्रॅव्हे सिंड्रोम हा बालपणात सुरू होणारा अवघड अपस्मार. त्यात बहुतेक मुलांमध्ये एससीएन१ए या सोडियम चॅनेलच्या जनुकात बिघाड असतो. हे चॅनेल मुख्यतः आवर घालणाऱ्या, म्हणजे गाबा वापरणाऱ्या पेशींसाठी महत्त्वाचं. त्या पेशी आधीच लुळ्या झालेल्या असतात. अशा मुलाला सोडियम चॅनेल रोखणारं औषध दिलं तर उरलासुरला ब्रेकही ढिला होतो आणि फिट वाढतात. 'फिटवरच्या औषधाने फिट वाढली' हे ऐकायला विचित्र वाटतं, पण लक्ष्य कुठल्या पेशीत आहे हे विचारलं की कोडं उरत नाही.

गाबाच्या बाजूची औषधं ब्रेक घट्ट करतात. फेनोबार्बिटोन गाबाच्या ग्राहीमधलं क्लोराइडचं दार जास्त वेळ उघडं ठेवतं. क्लोबाझामसारखी औषधं ते दार जास्त वेळा उघडायला लावतात. गाबा तर मेंदूभर पसरलेला आहे. त्यामुळे झोप येणं, सुस्ती, लक्ष न लागणं हे ओघानेच आलं.

व्हिगाबॅट्रिनची गोष्ट मात्र संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. गाबाचं विघटन करणारं एन्झाइम हे औषध कायमचं बंद पाडतं, त्यामुळे मेंदूत गाबा साठतो. रेणू अगदी विचार करून, लक्ष्य ठरवून बनवलेला. ब्रिटनमध्ये १९८९ पासून तो वापरात होता. १९९७ साली बातमी आली की काही रुग्णांची नजर कडेने आकुंचित होते आहे, आणि हे नुकसान भरून येत नाही. पुढे कळलं की हे प्रमाण ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त आहे. गाबा दृष्टिपटलातही काम करतो आणि हे औषध तिथेही पोचतं.

मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? कारण कडेची नजर हळूहळू जाते तेव्हा समोरचं नीट दिसत राहतं आणि रुग्णाला काही जाणवतच नाही. तो तक्रार करत नाही. नजरेचं क्षेत्र मोजायची चाचणी नेहमीच्या तपासणीत नसते, त्यामुळे डॉक्टरलाही कळत नाही. जे मोजलंच नाही, ते 'आढळलं नाही' असं नोंदलं जातं. तुम्ही पुढे कुठल्याही चाचणीचा आराखडा कराल तेव्हा हे वाक्य समोर ठेवा. आजही बाळांच्या एका विशिष्ट प्रकारच्या झटक्यांत, विशेषतः ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या बाळांत, हे औषध देतात. कारण तिथे न दिल्याचं नुकसान मोठं असतं. पण आता डोळ्यांवर लक्ष ठेवूनच देतात.

दुसरी वाट: शरीर औषधाचं काय करतं

बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की रक्तपातळीही साधारण दुप्पट होते. फेनिटोइनचं तसं नाही. त्याची विल्हेवाट लावणारी यकृतातली एन्झाइम्स उपचाराच्या नेहमीच्या डोसलाच जवळजवळ पूर्ण कामाला लागलेली असतात. टोलनाक्यावर सगळ्या खिडक्या आधीच भरलेल्या असाव्यात, तसं. त्यानंतर आलेली प्रत्येक गाडी रांग वाढवते.

हे तोंडी पटत नाही, म्हणून कागद घ्या आणि गणित करा. समजा एका माणसाचं शरीर दिवसाला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम फेनिटोइन निकालात काढू शकतं आणि त्याचा मायकेलिस स्थिरांक लिटरमागे ४ मिलिग्रॅम आहे. स्थिर झालेली रक्तपातळी म्हणजे मायकेलिस स्थिरांक गुणिले रोजचा डोस, भागिले कमाल क्षमता वजा डोस.

रोज ३०० मिलिग्रॅम दिले, तर ४ × ३०० ÷ १२० = १०. छान, मर्यादेत.
रोज ३५० दिले, तर ४ × ३५० ÷ ७० = २०. मर्यादेच्या काठावर.
रोज ४०० दिले, तर ४ × ४०० ÷ २० = ८०. म्हणजे विषबाधा.

डोस एक तृतीयांशाने वाढला आणि पातळी आठपट झाली. हा माणूस काल्पनिक आहे, पण आकडे अवास्तव नाहीत. फेनिटोइनचा डोस डॉक्टर इतका जपून का वाढवतात ते यावरून कळेल.

याच गुणधर्मामुळे ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास एक प्रकार घडला. फेनिटोइनच्या रुग्णांमध्ये अचानक विषबाधेची लक्षणं दिसायला लागली. कॅप्सूलमधलं औषध तेवढंच होतं, डोस तोच होता. बदललं होतं ते फक्त भरणद्रव्य. आधी कॅल्शियम सल्फेट वापरत, त्याच्या जागी लॅक्टोज आलं होतं. कॅल्शियम सल्फेट असताना काही औषध आतड्यातून शोषलंच जात नव्हतं, आणि सगळ्यांचे डोस त्या हिशेबाने बसलेले होते. लॅक्टोज आल्यावर शोषण वाढलं आणि 'निष्क्रिय' समजल्या जाणाऱ्या पुडीने रुग्ण आजारी पडले. केमिस्टकडे नेहमीची कंपनी नसली की 'हेच घ्या, सेम आहे' असं आपण सर्रास ऐकतो. बऱ्याच औषधांत ते खरंही असतं. फेनिटोइनसारख्या चिंचोळ्या मर्यादेच्या औषधात मात्र असा बदल डॉक्टरांना सांगूनच करायला हवा.

दुसरा घोळ औषधा-औषधांतला. फेनिटोइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन यकृतातल्या एन्झाइम्सचं उत्पादन वाढवतात. मग बाकीची औषधंही भराभर निकालात निघतात. गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, 'ड' जीवनसत्त्व लवकर संपतं, हाडं कमजोर होऊ शकतात. कार्बामाझेपिन तर स्वतःचाच निकाल लावायचा वेग वाढवतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात मोजलेली पातळी महिन्याभराने तशीच राहत नाही. व्हॅल्प्रोएटचं उलट आहे. ते लॅमोट्रिजिनचा निचरा रोखतं आणि लॅमोट्रिजिन साधारण दुप्पट वेळ रक्तात राहतं. लॅमोट्रिजिनचा डोस भरभर वाढवला की अंगावर गंभीर पुरळ यायचा धोका वाढतो. म्हणून व्हॅल्प्रोएट सोबत असेल तेव्हा सुरुवात आणखी कमी डोसने आणि आणखी सावकाश करतात.

तिसरी वाट: भलतीच ओळख

काही त्रासांचा लक्ष्याशीही संबंध नसतो आणि डोसशीही फारसा नसतो. कार्बामाझेपिनने फार थोड्या लोकांना स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो. त्वचा आणि तोंडाच्या आतलं आवरण सुटायला लागतं, जीवही जाऊ शकतो. कोणाला होईल हे सांगता येत नव्हतं.

२००४ साली तैवानमधल्या हान चिनी रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हा सिंड्रोम झालेल्या ४४ पैकी ४४ रुग्णांमध्ये एचएलए-बी*१५:०२ हा प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकप्रकार सापडला. औषध सहन झालेल्यांमध्ये तो जेमतेम ३ टक्क्यांत होता. २००७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी ही चाचणी करायला सांगितलं. पण तुम्ही इथे थांबू नका. युरोपीय लोकांत हा प्रकार फार दुर्मीळ आहे, तिथे एचएलए-ए*३१:०१ या वेगळ्या प्रकाराचा संबंध दिसला. 'आशियाई' हा शब्दही फार ढोबळ आहे. भारतात तर हे प्रमाण समूहागणिक बदलतं. एका समूहातला निष्कर्ष दुसऱ्याला लावण्याआधी तपासून घ्यायचा असतो, हा इथला धडा.

व्हॅल्प्रोएट: जिथे प्रश्न पुस्तकातून घरात येतो

व्हॅल्प्रोइक आम्ल हे बराच काळ प्रयोगशाळेत द्रावक म्हणून वापरलं जायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये काही संशोधक वेगळीच संयुगं त्यात विरघळवून तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं की कुठलंही संयुग घातलं तरी प्राण्यांच्या फिट थांबतात. म्हणजे काम द्रावकाचंच होतं! हे औषध एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करतं, म्हणून अनेक प्रकारच्या फिटवर चालतं. स्वस्त आहे, प्रभावी आहे.

२००१ साली दिसून आलं की ते हिस्टोन डीअसेटिलेज या एन्झाइम्सनाही रोखतं. कुठलं जनुक कधी चालू-बंद व्हायचं यात ही एन्झाइम्स भाग घेतात, आणि वाढत्या गर्भात तर सगळा खेळ त्याचाच. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर बाळात जन्मजात व्यंग असण्याचं प्रमाण सुमारे १० टक्के येतं, सर्वसाधारण प्रमाण २ ते ३ टक्के असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांची बुद्धिमापनाची सरासरी पाहिली. आईने लॅमोट्रिजिन घेतलं असेल तर १०८, फेनिटोइन असेल तर १०८, कार्बामाझेपिन असेल तर १०५, आणि व्हॅल्प्रोएट असेल तर ९७. डोस जास्त, तर नुकसान जास्त. आपल्याकडे केरळमध्ये १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही चालवली जाते. असा धीराचा, वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास नसेल तर ही माहिती मिळतच नाही.

मग बाईने दिवस गेल्याचं कळताच गोळी बंद करायची का? अजिबात नाही. एकदम बंद केली तर न थांबणाऱ्या झटक्यांचा धोका असतो, त्यात आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. शिवाय दिवस गेल्याचं कळेपर्यंत बाळाच्या मज्जारज्जूची नळी बहुधा मिटून झालेली असते. औषध बदलायचं तर ते आधी, ठरवून, डॉक्टरांसोबत बदलायला हवं.

आणि इथेच आपल्या समाजाचा प्रश्न येतो. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. दुरुस्ती करून तो काढला, पण मनातून गेलेला नाही. मुलीला फिट येते हे स्थळ बघताना लपवलं जातं, आणि मग सासरी गोळ्याही लपवाव्या लागतात. ज्या घरात गोळी उघडपणे घेता येत नाही, तिथे 'गर्भधारणेआधी औषध बदला' हा सल्ला पोचणार कसा? यकृतातल्या एन्झाइमइतकाच हाही औषधाच्या परिणामावर प्रभाव टाकणारा घटक आहे.

तुमच्यासाठी काम कुठे शिल्लक आहे?

ग्लासगोमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००० साली आला. ५२५ रुग्णांपैकी ६३ टक्के फिटमुक्त झाले. त्याच केंद्राने २०१८ साली १,७९५ रुग्णांचा हिशेब मांडला. मधल्या काळात कितीतरी नवी औषधं आली होती. प्रमाण निघालं साधारण ६४ टक्के. म्हणजे एक तृतीयांश लोक अजून तिथेच आहेत. त्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे ४६ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १२ टक्क्यांच्या, तिसऱ्याने जेमतेम ४ टक्क्यांच्या.

याचं एक कारण शोधायच्या पद्धतीत असू शकतं. १९३० च्या दशकापासून विजेचा झटका देऊन प्राण्यांत फिट आणायची आणि कुठलं औषध ती थांबवतं ते पाहायचं, ही चाळणी वापरात आहे. फेनिटोइन याच चाळणीतून सापडलं. चाळणी तीच ठेवली तर त्याच जातीची औषधं सापडत राहणार. लेव्हेटिरासिटाम या नेहमीच्या चाचण्यांत नापास झालं होतं. वेगळ्या प्रकारच्या प्राणी-प्रारूपांत ते चाललं, १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ते एसव्ही२ए या प्रथिनाला चिकटतं हे नक्की कळलं २००४ साली. आज ते जगभर वापरलं जातं. हे प्रथिन मेंदूभर आहे, आणि काही रुग्ण चिडचिडे होतात, उदास होतात. पहिली वाट आठवली ना? मात्र इथे एसव्ही२ए पासून चिडचिडीपर्यंतचा दुवा अजून नीट जोडलेला नाही. तो कोणीतरी जोडायचा आहे.

आता एक स्वाध्याय. टोपिरामेट घ्या. ते सोडियम चॅनेल, गाबा आणि ग्लुटामेटच्या ग्राहींवर काम करतंच, सोबत कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइमही रोखतं. हे एन्झाइम मूत्रपिंडात, घामाच्या ग्रंथींत आणि जिभेवरही असतं. एवढ्यावरून मूतखडा, घाम कमी येणं आणि सोड्याच्या बाटलीतलं पेय बेचव लागणं, या तिन्हींचा माग काढून बघा. मग विचार करा की नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हे औषध घेणाऱ्या लहान मुलाच्या आईवडिलांना तुम्ही काय सांगाल. हे सगळं जुळवता आलं, तर कोष्टकातली ती ओळ तुम्हाला पुन्हा पाठ करावी लागणार नाही.

जाता जाता एक. हा लेख अभ्यासासाठी आहे. तुमच्या घरात, वसतिगृहात कोणी ही औषधं घेत असेल, तर इथलं वाचून डोस बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. त्रास होत असेल तर तो तारीखवार लिहून ठेवायला मदत करा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. उपचारासाठी तो उपयोगी पडतोच, आणि दुष्परिणामांवरचं बरंचसं संशोधनही अशाच नोंदींतून सुरू होतं.